येते म्हणलेली बाई

सत्यभामाबाईची ‘येते’ आणि आमच्याकडची लाईट, दोन्ही यायच्या तेव्हाच येतात, असं केजजवळच्या त्या वस्तीवर सगळे म्हणायचे. बाई घरातून निघताना ‘सांजच्याला येते’ म्हणायची आणि तिसऱ्या दिवशी उगवायची. मधल्या काळात कुणाच्या बाळंतपणाला थांबलेली असायची, कुणाच्या जागरणाला बसलेली असायची, नाहीतर कुणाचं भांडण मिटवून जमल्यास दुसरं लावून आलेली असायची. पायाला भिंगरी बांधूनच जन्मलेली बाई. धनगराच्या घरात जन्मली, धनगराच्याच घरात दिली, म्हणजे मेंढरांमागं हिंडणं नशिबात होतंच. पण मेंढरं बसली तरी ही बसायची नाही.

मी रोहिणी. गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. म्हणजे लोक मला डॉक्टर म्हणतात आणि खरे डॉक्टर आले की खुर्चीवरून उठवतात. अकरा वर्षं झाली, स्कूटीला लशीचा डबा बांधून वस्त्या फिरते. माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगते, कारण पुढे मी एका मातीच्या गड्यावर हात उचलला आहे, आणि सुजला तो माझाच हात.

गड्याचं जरा सांगायला हवं. पोळ्याला मातीचे बैल सगळीकडेच करतात. आमच्या भागात उरलेल्या मातीचा गडी करतात. हौस असली तर वीतभर, गरज असली तर पुरुषभर. तळ्यातली चिकणमाती, तिच्यात मेंढीची लोकर आणि तुरीचा भुसा. घडवणाऱ्यानं त्याच्या कानात पहिला शब्द सांगायचा, की तो उठतो. भाजायचा मात्र नाही, भाजला की नुसतं मडकं. म्हणून पावसाळ्यात त्याला खताच्या गोणीची खोळ घालावी लागते, नाहीतर आधी नाक जातं, मग बोटं. तो खात नाही, झोपत नाही, बोलत नाही. बाहेरगावचे पाहुणे तोंडात बोट घालतात, आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

गड्याची खोड एकच. तो बोललेलं ऐकतो, मनातलं नाही. आणि आपण तर अशुभ नको म्हणून निम्मं उलटंच बोलतो. दिंद्रुडच्या एका किराणावाल्यानं संध्याकाळी गड्याला सांगितलं, “दुकान वाढव.” सकाळी येऊन बघतो तर मधली भिंत काढून गड्यानं दुकान शेजाऱ्याच्या ओसरीपर्यंत वाढवलेलं. दुसऱ्या एका घरात म्हातारी ‘दिवा वाढव’ म्हणाली आणि गड्यानं बरणीभर तेल ओतून दिवा असा वाढवला की छपराचं पाचट पेटलं. म्हणून गडी असलेल्या घरात माणसं जपून बोलतात. सत्यभामाबाई सोडून.

आणखी एक नियम आहे, तो लक्षात ठेवा. घडवणाऱ्यानं दिलेली ताकीद दुसऱ्या कुणाला मोडता येत नाही. तो स्वतः परत येऊन बोलला तर मोडते. नाहीतर तो या जगात नाही हे गड्याला कळलं तर.

बाईचा नवरा नाथा. सहा वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या हातानं हा गडी केला. गड्याच्या उजव्या गालावर नाथाचा अंगठा उमटलेला आहे, नाक चिकटवताना दाबला गेला तसा. नाथा कमी बोलायचा, कारण बायकोच्या बोलण्यात जागाच नसायची. ती त्याला चारचौघांत ‘मेल्या’ म्हणायची. “मेल्या, चा पेतोस का?” “मेला कुठं उलथला सकाळपासून?” राग आला की मुडद्या, लाडात आली तरी मुडद्या. धनगरवाड्यातल्या म्हाताऱ्या टोकायच्या, नवऱ्याला असं म्हणू नये. नाथा मात्र हसायचा. “म्हणू द्या. मेल्या म्हणल्याबिगर तिला घास गोड लागत न्हाई.” आणि नाथा एकच काम फार मन लावून करायचा. बायको ‘येते’ म्हणून गेली की दिवस कलताना वाडग्याच्या, म्हणजे मेंढरांच्या कोंडवाड्याच्या दारात, गड्याच्या शेजारी, रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. ती त्या दिवशी यायची नाही हे त्यालाही माहीत असायचं.

गेल्या चैत्रातली गोष्ट. बाई बीडला मावसबहिणीकडं गेली होती. रविवारी येते म्हणाली होती. रविवारी फोन केला, उद्या येते. सोमवारी सकाळी मांजरसुंब्यापर्यंत जीप मिळाली आणि पुढे काही मिळेना, तेव्हा नाथाला फोन लावला की मोटारसायकल घेऊन न्यायला ये. महिन्यापूर्वीच शेजारच्या वस्तीवर कुणी मेंढरं पळवली होती, चाऱ्यातून काही विषारी घातलंही होतं. म्हणून निघताना नाथानं वाडग्याच्या दाराला आडवा दांडका, आडणा घातला आणि गड्याला ताकीद दिली. पलीकडच्या शेतात बाया खुरपत होत्या, त्यांनी ती ऐकली. “म्या येतो. म्या येस्तोवर एक बी मेंढरू भायेर सोडू नको, आन् कुणाचं काय बी आत जाऊ देऊ नको.”

मांजरसुंब्याच्या धाब्यासमोर बाई तासभर येरझारा घालत होती. चहावाल्यानं बाकडं दिलं तरी बसली नाही. “मेला आजून आला न्हाई,” असं तिनं तिथं सगळ्यांना ऐकवलं. नाथाला तीन किलोमीटर अलीकडे ट्रकनं उडवलं होतं.

त्याला दवाखान्यातून परस्पर धाकट्या भावाच्या, बजरंगच्या गावी नेलं आणि त्याच सांजेला अग्नी दिला. कुणाच्या डोक्यात मेंढरं नव्हती. मंगळवारी सकाळी बजरंग बाईला घेऊन वस्तीवर आला, तर वाडग्यात मेंढरांचा आवाज बसलेला.

मला बारा वाजता फोन आला. मी पोचले तेव्हा ऊन असं की स्कूटीची सीट हाताला लागू देईना. वाडगं म्हणजे छातीभर उंचीची दगडी भिंत, वर बोराटीच्या फांद्या. दारात गडी उभा. आत साठेक मेंढरं रविवार सांजपासून कोंडलेली, त्यातल्या निम्म्या दूध पाजणाऱ्या मेंढ्या. मी फांदीतून डोकावले. जिभा बाहेर होत्या, डोळे आत गेले होते, आणि कोकरं आईला ढुशा मारायचीही थांबली होती. सांजपर्यंत पाणी मिळालं नाही तर निम्मी जातील, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

पाण्याच्या बादल्या आत सोडून झाल्या होत्या. गडी धावत जाऊन त्या बाहेर ओतून देई. पाच जणांनी त्याला ढकलून बघितलं. दोन बाजूंनी भिंत पाडायला माणसं लावली, तर आतली मेंढरं बुजून एकमेकींवर चढली आणि एक मेंढी पायाखाली आली, म्हणून ते थांबवलं. मी आत घुसायला गेले. गड्यानं मला उचलून बाजूला ठेवलं, लशीच्या डब्यासकट. तेव्हा मी त्याच्या छातीवर मारलं. भिंतीवर मारल्यासारखं लागलं.

बजरंग त्याच्यापुढं घसा फोडत होता. “गेला बे! नाथादादा गेला! कळतंय का तुला?”

गड्यानं मान वळवून रस्त्याकडं बघितलं. गेला, हे त्याला माहीत होतंच. गेलेला माणूस येतो.

सरपंच अमरसिंह गाडीतून उतरून आले. दांडगा शेतकरी माणूस, पण मनानं बरा. ते पुढं होऊन म्हणाले, “बाबा रे, नाथा देवाघरी गेला.” गड्यानं टेकडीकडं बघितलं, जिथं बिरोबाचं देऊळ आहे. नाथा दर रविवारी तिथं जायचा आणि दुपारच्या आत परत यायचा. अमरसिंहांनी मग ‘वारला’ म्हणून बघितलं, ‘कैलासवासी झाला’ म्हणून बघितलं. त्यांच्याकडचे शब्द संपले. मला पहिल्यांदाच वाटलं की आपल्या भाषेत मरणाला इतके शब्द आहेत आणि त्यातल्या एकातही मरण नाही.

सत्यभामाबाई कुठं होती? भिंतीच्या कडेकडेनं चालत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत मागे, अनवाणी. काल सांजपासून ती अशीच चालतेय, रडली नाही, बसली नाही, असं बजरंगनं मला हळूच सांगितलं. मी तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला.

“सत्यभामाबाई, तुम्ही सांगा त्याला,” मी म्हटलं. “स्पष्ट सांगा. तो शब्द उच्चारा.”

ती थांबली. गड्यासमोर गेली. ओठ दोनदा हलले. मग ओरडली, “मेला रं! मेला त्यो!”

आणि गड्याच्या अंगात जान आली. तो झटकन बाजूला सरकला. आम्हाला वाटलं सुटलो. पण तो आडण्याला हात न लावता बाईच्या मागं बघत होता. पायवाटेवर, तिच्या खांद्यावरून, आता येईलच अशा बेतानं. सहा वर्षं ही बाई ‘मेला’ म्हणून ओरडली की मागून नाथा हसत येत होता. गड्याला त्या शब्दाचा तेवढाच अर्थ ठाऊक होता.

“मुडदा पडला त्याचा,” बाई पुटपुटली. गडी बघतच राहिला. थोड्या वेळानं पुन्हा दारात उभा राहिला.

तेव्हा ती मटकन खाली बसली. “मह्याच तोंडानं झिजवला म्या त्यो शबुद,” ती मला म्हणाली. “आता खरा म्हणायला ग्येले तर त्याच्यात काय उरलंच न्हाई, म्याडम.” मला रडू आलं. लाज वाटली नाही.

अमरसिंहांनी फोन फिरवला आणि चारच्या सुमाराला पाण्याचा टँकर आला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गडी कच्च्या मातीचा आहे. पाईप लावला की अर्ध्या तासात चिखल. दार मोकळं, आणि राहिलेलं पाणी मेंढरांना.

“न्हाई,” बाई म्हणाली.

“वहिनी, कावून हट करताव?” बजरंग चिडला. “दादाची मेंढरं मरतील इथं.”

“त्याच्या गालाला बघ. आंगठा हाय त्याचा. आता कुठं हाय दुसरीकडं त्याचा आंगठा?”

 टँकरवाला पाईप उलगडून उभा. आत एक कोकरू बें करायचा प्रयत्न करत होतं, आवाज निघत नव्हता. बाई उठली, पुन्हा चालायला लागली, चार पावलं गेली आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, “लावा पाईप.”

टँकरवाल्यानं नळाला हात घातला, तेवढ्यात गडी दारातून हलला. आत जी मेंढी पायाखाली आली होती ती आता निपचित पडली होती. गडी तिच्यापाशी वाकला. तिच्या नाकापाशी हात धरून थांबला. मग तिच्या गळ्यातली घंटी सोडली, दाराशी आला आणि बाजूच्या बाभळीच्या खुंटीला ती लावून पुन्हा आपल्या जागी उभा राहिला.

हा या लोकांचा रिवाज, मी अकरा वर्षं बघत आलेय. मेंढरू मेलं तर ते मेलं असं धनगर बोलत नाही. त्याची घंटी काढून खुंटीला लावतो. सांजच्याला एकेकाला नावानं हाक मारताना मग ते नाव गाळतात. त्या खुंटीला सहा वर्षांतल्या वीसेक घंट्या होत्या. सगळ्या नाथानं सोडून गड्याच्या हातात दिलेल्या, किंवा गड्यानं स्वतः सोडलेल्या. मी हे सगळं बघितलेलं असून माझ्या डोक्यात काही आलं नाही.

बाईच्या आलं. “थांब!” ती टँकरवाल्यावर खेकसली. “बजरंग, काठी कुठाय त्याची?”

नाथाची काठी बजरंगच्या मोटारसायकलला बांधलेली होती, अपघाताच्या जागेवरून पोलिसांनी दिलेली. तिच्या टोकाला एक जुनं घुंगरू. नाथाच्या पहिल्या मेंढीचं, लग्नाआधीचं. नाथा चालला की ते वाजायचं. वस्तीवरची कुत्रीही त्या आवाजानं उठायची.

बाई काठी घेऊन गड्यासमोर बसली. घुंगराची चामड्याची वादी घामानं आणि वर्षांनी आवळलेली. नखानं सुटेना. अमरसिंहांनी चाकू पुढं केला, तो तिनं घेतला नाही. मेंढराची घंटी कापत नाहीत, सोडतात. तिनं गाठ दातात धरली. कालपासून धड कुठं न टेकलेली ती बाई दहा मिनिटं एका जागी बसून ती गाठ सोडवत होती, आणि सोडवता सोडवता रडायला लागली, आवाज न करता, वादी दातातून न सोडता. गाठ सुटली तसं तिनं घुंगरू गड्याच्या हातावर ठेवलं.

गड्यानं ते कानाशी नेऊन हलवलं. पुन्हा हलवलं. मग रस्त्याकडं बघितलं, नेहमीपेक्षा बराच वेळ. नाकापाशी हात धरायला त्याच्यासमोर कुणी नव्हतं. त्यानं रिकाम्या काठीवरून बोट फिरवलं, जिथं वादीचा वळ उमटला होता. आणि वळून त्यानं घुंगरू खुंटीला लावलं, त्या मेंढीच्या घंटीशेजारी.

मग आडणा काढून तो बाजूला झाला.

पुढचा तास मी नुसती ओरडत होते. एकदम पाणी पाजू नका, पोट फुगेल, आधी कोकरं, आधी कोकरं! टँकरचं पाणी हौदात पडत होतं आणि अमरसिंह इस्त्रीचा पांढरा सदरा घालून कोकरं उचलत होते. चार मेंढरं गेली. बाकी जगली.

ऊन उतरल्यावर बजरंगनं मोटारसायकल चालू केली. गावी उद्याचा तिसऱ्याचा विधी होता, बाईला जायलाच हवं होतं. मेंढरांपाशी दोन शेजारी थांबले. बाई मागं बसली आणि तीस वर्षांच्या सवयीनं, वळूनही न बघता म्हणाली, “येते रं.”

गडी दारात आला. रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

बाईनं बजरंगच्या पाठीवर थाप मारून गाडी थांबवली. तिनं वळून गड्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी धावत गेले. “अहो, ही नाथाची नाही, तुमचीच ताकीद आहे,” मी म्हटलं. “मोडता येईल. वाट बघू नको म्हणा, झालं.”

“अस्साच हुबा राहायचा त्यो,” ती म्हणाली. “ह्याच जागी. आन् म्या रविवारची सोमवारी केली म्हणून त्यो गेलता त्या रोडला.”  मग म्हणाली, “नगं मोडायला. येते म्हणलंय नव्हं, येते.”

दुसऱ्या दिवशी विधी उरकून, बायका थांब थांब म्हणत असताना, ती दिवस मावळायच्या आत वस्तीवर होती. दहाव्यापर्यंत रोज गेली आणि रोज आली. कधी जीपच्या टपावर सामानासोबत बसून आली, एकदा पाच कोस चालत आली.

आता वर्ष झालं. भिंगरी सुटलेली नाही. केजचा बाजार, कुणाचं बारसं, कुणाचं भांडण, सगळीकडे ती असतेच. पण चारचा सुमार झाला की तिच्या अंगात किडे शिरतात. पानावरून उठते. लातूरला दिलेल्या एकुलत्या लेकीनं, ऋतुजानं, चार दिवस राहा म्हणून पाय धरले. ही पहाटेच्या एसटीनं गेली, नातवाला मांडीवर घेतलं आणि दुपारच्या एसटीनं परत निघाली. लेक अजून फोनवर माझ्याकडे तक्रार करते, मातीच्या पुतळ्यापायी आई मला राहिली नाही. तिला काय सांगावं ते मला कळत नाही. तिचंही खोटं नाही.

परवा केजच्या स्टँडवर मला ती दिसली. गाडी लागलेली नव्हती. ती फलाटावर येरझारा घालत होती आणि दर दोन मिनिटांनी चौकशीच्या खिडकीतल्या माणसाचं डोकं खात होती. सूर्य कलला होता. मी म्हटलं, बसा स्कूटीवर. रस्ताभर ती मागून माझ्या खांद्यात बोटं रुतवत होती. “लई हळू चालवताव म्याडम तुमी.” मी साठनं चालवत होते.

वस्तीच्या वळणावर तो दिसला. दारात, रस्त्याकडे तोंड करून, गालावर अंगठा. खुंटीला घुंगरू तसंच आहे. स्कूटी थांबायच्या आधीच बाई उतरली, पडता पडता सावरली, पदर खोचला आणि पहिल्यांदा श्वास सोडला. गडी बाजूला झाला.

“आले की रं, मेल्या,” ती म्हणाली, आणि आत गेली.